कपाटावरचे बूट आणि शेवटच्या काळाचे सिनेमे

२०२० च्या जानेवारीत एका रात्री मुलाच्या खोलीतला दिवा मालवायला गेले, तर कपाटाच्या वर त्याचे शाळेचे बूट दिसले. शेजारी दप्तर, दप्तरावर कंपासपेटी आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर सुतळी बांधलेलं त्याचं संडे स्कूलचं बायबल. पोरगं नऊ वर्षांचं. कपाटाला हात पुरत नाही म्हणून खुर्चीवर उशी ठेवून चढलं होतं. उशीवर पावलाचा खळगा तसाच होता. सकाळी विचारलं तर म्हणाला, "पाणी आलं तर भिजायला नको."

आदल्या रविवारी दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्हीवर '२०१२' बघितला होता. मीच लावला होता. वाटलं, बायबलमधल्या नोहाच्या तारवासारखी गोष्ट आहे, मुलांना कळेल, नंतर बोलताही येईल. तेव्हा महापुराला पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

सांगलीबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही कर्नाळ रोडच्या बाजूला पहिल्या मजल्यावर राहतो, खाली घरमालकीण काकूंचं बिऱ्हाड. काकू, त्यांचे मिस्टर आणि त्यांचे देव सगळेच वर आमच्याकडे आले. मुलं जिन्यात बसून पायऱ्या मोजायची. सकाळी "आई, चार बुडाल्या", दुपारी "सात", रात्री बॅटरी मारून "दहा". तेराव्या पायरीला पाणी लागलं तेव्हा बोट आली. पहिली खेप सासूबाई, काकू आणि मुलांची. मी आणि हे दुसऱ्या खेपेला. मधला तासभर मुलगा त्या टोकाला आमची वाट बघत उभा होता, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

'२०१२' मध्ये जमीन दुभंगते, शहरं समुद्रात जातात, ते बघून तो घाबरला असेल असं मी धरून चालले होते. त्याच्या मनात रुतलं होतं वेगळंच. त्या सिनेमात हे सगळं होणार आहे याचा शोध आधी एक भारतीय शास्त्रज्ञ लावतो. मोठमोठी जहाजं बांधली जातात, एका माणसाचं तिकीट एक अब्ज युरो. आणि त्या शास्त्रज्ञाला, त्याच्या बायकोमुलाला न्यायला जे विमान यायचं असतं, ते येतच नाही. लाट येते. मुलाने मला त्या सकाळी विचारलं, "त्यांनीच सांगितलं होतं ना सगळ्यांना? मग त्यांना का नाही नेलं?" आणि मग हळूच, "आपल्याला तर दोनदा आली ना बोट?"

त्याला जवळ घेतलं. दप्तर खाली काढलं नाही. तीन-चार आठवडे ते रात्री वर जात राहिलं, मग एक दिवस जायचं थांबलं.

हे आज लिहायचं कारण असं. मागच्या महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीनंतर एका तरुण आईने विचारलं, "ताई, शेवटच्या काळावरचे, प्रलयाचे वगैरे सिनेमे घरात मुलांबरोबर बघावेत का? आणि बघायचे तर कुठले?" तिची मुलं सात आणि अकरा वर्षांची. चपला घालता घालता दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण घरी येईपर्यंत मनाला लागून राहिलं. मी बावीस वर्षं संडे स्कूल शिकवते. घरी रविवारी संध्याकाळी कुटुंब उपासना झाली की महिन्यातून एकदा सिनेमा, हा आमचा जुना नेम. चुकलेही आहे, ते वर लिहिलंच.

आधी वचनाकडे, म्हणजे बायबलकडे, जाऊ या. प्रभू येईल आणि आपण त्याला भेटायला मेघारूढ होऊन वर घेतले जाऊ, हे ज्या अध्यायात आहे तो थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा. तो अध्याय पौलाने का लिहिला? तिथल्या ख्रिस्ती मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेले रडत होते, आपले गेलेले आता त्या दिवसाला मुकणार की काय म्हणून. त्यांना तो सांगतो की ख्रिस्तात मेलेले आधी उठतील. आणि शेवटी, अठराव्या वचनात, सांगतो की या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वन! घाबरवा असं तिथे लिहिलेलं नाही. शेवटच्या काळावरचा कुठलाही सिनेमा मी आता याच मापाने मोजते. तो संपल्यावर घरातल्या सगळ्यात लहान माणसाला सांत्वन मिळतंय का, आणि सगळ्यात मोठ्या माणसाला शेजाऱ्याचं दार आठवतंय का.

या मापात माझ्या लहानपणीचा सिनेमा बसत नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना चर्चच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून प्रोजेक्टरवर 'अ थीफ इन द नाइट' दाखवला होता. १९७२ चा अमेरिकन सिनेमा, जगभर मंडळ्यांमधून दाखवला गेलेला. एक बाई झोपेतून उठते, नवरा घरात नाही, तो वर घेतला गेलाय. त्याचं दाढी करायचं विजेचं यंत्र बेसिनमध्ये तसंच घरघरत पडलंय. इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं, पण ती घरघर कळली. माझे वडील ब्रशने साबण लावून दाढी करायचे आणि शेवटी ब्रश पितळी वाटीच्या काठावर दोनदा आपटायचे. टक टक. त्या सिनेमानंतर कितीतरी दिवस मी अंथरुणात डोळे मिटून त्या टक टकची वाट बघायचे. आवाज आला की वडील आहेत. दाखवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, आत्म्यांच्या तळमळीने त्यांनी तो दाखवला होता, यात मला शंका नाही. पण मी प्रभूवर प्रेम करायला शिकले ती आजीच्या मांडीवर, गाणी ऐकत. त्या चादरीसमोर मी फक्त कान टवकारायला शिकले.

'लेफ्ट बिहाइंड'बद्दल हमखास विचारतात, म्हणून सांगते. १९९५ च्या गाजलेल्या इंग्रजी कादंबरीवरून दोनदा सिनेमा झाला. २००० सालच्यात कर्क कॅमरन आहे, २०१४ च्यात निकोलस केज. नवा तर बराचसा अडचणीत सापडलेल्या विमानाचा सिनेमा आहे, त्यात वचन शोधायला गेलात तर हाती फार लागणार नाही. जुन्यात कळकळ आहे. पण दोन्हींच्या मुळाशी जी शिकवण आहे, आधी विश्वासणारे गुपचूप उचलले जातील आणि मग सात वर्षं मोठं संकट, ती या आखीव रूपात एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटिपांतून ती घराघरांत गेली. आमच्याच मंडळीत यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं एकाच प्याल्यातून प्रभुभोज घेतात. तेव्हा मुलांना दाखवायचाच असेल तर एवढं तरी सांगा की हा वचनाचा एक अर्थ आहे, खुद्द वचन नव्हे. त्या दिवसाबद्दल आणि त्या घटकेबद्दल पित्यावाचून कुणालाही ठाऊक नाही, हे मत्तय २४ मध्ये प्रभूने स्वतः सांगितलंय, ते आधी वाचा. माझी मुलगी आता पुण्याला होस्टेलवर आहे. तिला कुणीतरी तारखा काढलेले व्हिडिओ पाठवत असतं. ती तेच वचन उलट पाठवते.

आता दाखवावेत असे.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर 'द प्रिन्स ऑफ ईजिप्त'पासून सुरुवात करा. १९९८ चं ॲनिमेशन, दीड तासाच्या थोडं वर. मिसरावरच्या पीडा त्यात आहेत, तांबडा समुद्र आहे, आणि पाण्याच्या भिंतीत विजेच्या उजेडात दिसणारी प्रचंड माशाची सावली आहे, ती बघून आमच्या संडे स्कूलची पोरं दरवेळी "ओ हो" करतात. पण मी हा सिनेमा सुचवते तो वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातली पहिली लेकरं मरतात त्या, रात्रीसाठी. एक पांढरा उजेड गल्ल्यांमधून काहीही न बोलता फिरतो आणि दिवे विझावेत तसे श्वास विझतात. रक्त नाही, किंकाळी नाही. मग फारो आपल्या मेलेल्या लेकरापाशी उभा असताना त्याच महालात वाढलेला मोशे त्याच्याजवळ जातो, आणि बाहेर आल्यावर भिंतीला टेकून कोसळतो, रडतो. ज्याच्या बाजूने देव लढला तो माणूस शत्रूच्या मुलासाठी रडतोय! तिथे थांबवा. मुलांना विचारा, मोशे का रडतोय? मला एका मुलीने उत्तर दिलं होतं, "कारण ते पण त्याचंच घर होतं." आठ वर्षांची होती.

'द टेन कमांडमेंट्स', मोशेचीच गोष्ट, आजी-आजोबांबरोबर बघायचा. पावणेचार तासांच्या आसपास आहे, दोन रविवार लागतात. आमच्या सासूबाईंना १९५६ चा तो समुद्र आजही नव्या सगळ्या समुद्रांपेक्षा खरा वाटतो.

छोट्यांसाठी आणखी एक, 'वॉल-ई'. यात प्रभूचं नाव कुठेच नाही. पण कचऱ्याने भरलेली पृथ्वी, आकाशात भरकटलेलं जहाज आणि जुन्या बुटात लावलेलं एक हिरवं रोप. नोहाकडे कबुतर जैतुनाचं पान घेऊन आलं ते ज्या मुलाला माहीत आहे, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

दहा-बाराच्या पुढच्या मुलांसाठी, आणि आपल्या भागातल्या प्रत्येक घरासाठी, माझी सगळ्यात मनापासून शिफारस '२०१८' या मल्याळम सिनेमाची. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला, त्यावर जूड ॲन्थनी जोसेफ यांनी केलेला, २०२३ मध्ये आलेला. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताकडून हाच पाठवला होता. हिंदीत बघता येतो. बरोबर एका वर्षाने आमच्याकडे पाणी आलं, म्हणून असेल, पण मला तो बघताना वास आला. पुराच्या पाण्याला वास असतो. डिझेल, शेण, कुजलेली हळद, सगळं एकत्र. पडद्यावरून वास येत नाही हे कळतं, तरी मी पदर नाकाला लावला होता. समुद्रावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून शहरांकडे निघतात, ही खरी घडलेली गोष्ट आहे. त्या पुरात एका मच्छीमाराने बायकांना होडीत चढता यावं म्हणून पाण्यात ओणवं होऊन आपल्या पाठीची पायरी केली होती, तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. आणि भीतीपोटी सैन्य सोडून गावात परत आलेला एक तरुण आहे, टोव्हिनो थॉमसने केलाय. लोक त्याला हसतात. त्याचं पुढे काय होतं ते लिहीत नाही. आमच्या घरी तो सिनेमा संपल्यावर दहा मिनिटं कुणी बोललं नाही, मग यांनी उठून योहानाचा पंधरावा अध्याय काढला, मित्रांसाठी जीव देण्याचा. ठरवून नव्हतं.

हा सिनेमा बघताना एक काळजी घ्या. घरातलं कुणी पुरातून गेलं असेल तर आधी विचारा. आम्ही मुलाला विचारलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. म्हणाला, "रिमोट माझ्याकडे असू दे." दिला. त्याने दोनदा थांबवला, पाणी पिऊन आला, पुन्हा लावला. रिमोट मुलाच्या हातात देणं हा आमच्या घरचा नियमच झालाय तेव्हापासून.

जुन्यातला एक बहुतेकांना माहीत नाही, 'द पॉसायडन ॲडव्हेंचर'. १९७२ चाच. नववर्षाच्या रात्री प्रवासी जहाज लाटेने उलटं होतं, छत खाली आणि तळ वर. नायक पाळक आहे, जीन हॅकमन. जिवंत राहायचं तर वर, म्हणजे तळाकडे, चढलं पाहिजे हे तो ओरडून सांगतो. चढायला काय असतं? नाताळचं झाड. हॉलमधलं ते मोठं झाड उभं करून त्याची शिडी करतात. बहुतेक लोक म्हणतात, मदत येईल, इथेच थांबा. आणि ते मागे राहतात. मला या सिनेमात दोन पाळक आहेत हे फार मोलाचं वाटतं. एक वर चढणाऱ्यांना घेऊन जातो, देवाशी भांडतो, शेवटी स्वतःचा जीव देऊन वाट मोकळी करतो. दुसरा म्हातारा पाळक आहे, जखमी आणि चढू न शकणाऱ्यांपाशी थांबतो. हॅकमनचा पाळक त्याला चल म्हणतो, तो जात नाही. कोण बरोबर? आमच्या तरुण संघात यावर दीड तास चर्चा झाली, आणि आमचे पाळकसाहेब शेवटी एवढंच म्हणाले की मला रात्री दोघांसाठी प्रार्थना करावीशी वाटते. मारामारी नाही, घाण दृश्यं नाहीत, मरणं आहेत. बारा वर्षांच्या पुढे चालेल.

'ग्रीनलँड' हा २०२० चा, धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो आणि सरकार निवडक कुटुंबांना फोनवर निरोप पाठवतं. ज्या घरात निरोप येतो तिथे शेजारी जमलेले असतात, त्यांना आलेला नसतो. एक शेजारीण गाडीपुढे येऊन विनवते की निदान माझ्या मुलीला तरी न्या. गाडी निघून जाते. मला तिथे आमच्या काकू आठवल्या. पुढे लष्कराच्या तळावर निवडलेल्या कुटुंबालाही अडवतात, कारण त्यांच्या मुलाला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. आजारी माणूस यादीत बसत नाही. पुरात वीज गेली तेव्हा सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमधून काढून आम्ही माठात ठेवलं होतं. कुपी छोट्या डब्यात, डबा कोरड्या माठात, माठाभोवती ओलं फडकं, आणि फडकं वाळलं की पुन्हा ओलं करायचं काम मुलीकडे. चार दिवस तिने ते केलं, रात्रीसुद्धा उठून. म्हणून हा सिनेमा बघताना आमच्या घरी धूमकेतूबद्दल कुणी बोललंच नाही, सगळे त्या मुलाच्या औषधाबद्दल बोलत होते. १९९८ च्या 'डीप इम्पॅक्ट'मध्येही असंच, भुयारात जागा मर्यादित, सोडत काढतात आणि पन्नाशीच्या पुढच्यांना सोडतीत घेतच नाहीत. त्यातली पत्रकार मुलगी हेलिकॉप्टरमधली आपली जागा लेकुरवाळ्या मैत्रिणीला देते आणि समुद्रकाठी बापाजवळ जाऊन उभी राहते. हा दाखवाच. त्याच वर्षीचा 'आर्मागेडन' नावापुरता प्रकटीकरणातला, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, बाकी स्फोट. मुलांना आवडेल, बोलायला काही उरणार नाही.

'द इम्पॉसिबल' २००४ च्या त्सुनामीवरचा, थायलंडमध्ये सापडलेल्या एका खऱ्या स्पॅनिश कुटुंबाची गोष्ट. जखमा फार जवळून दाखवल्यात, चौदाच्या आत नको. पण ज्यांना झेपेल त्यांनी एका प्रसंगासाठी बघावा. आई रक्तबंबाळ, मोठा मुलगा तिला ओढत नेतोय, आणि कुठूनतरी लहान मूल रडल्याचा आवाज येतो. मुलगा म्हणतो, नको, आपलंच वाचायचं बघू. आई ऐकत नाही. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय, पण शोमरोनी स्वतः जखमी असता तर, हा प्रश्न मला त्या आईने घातला.

'सॅन अँड्रियास' आम्ही अर्ध्यावर बंद केला. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या पाटण तालुक्यातल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. मागोमाग मीही गेले, तर म्हणाल्या, "यात आधी हलतं आणि मग आवाज येतो. तसं नसतं गं. आधी आवाज येतो. जमिनीखालून गाडी गेल्यासारखा." त्यानंतर महिनाभर त्यांचं घर अंगणात झोपत होतं, थंडीत. त्यांना १ राजे १९ वा अध्याय तोंडपाठ आहे. वारा सुटतो पण वाऱ्यात परमेश्वर नसतो, भूकंप होतो पण भूकंपात परमेश्वर नसतो, अग्नीतही नसतो, आणि मग ती मंद वाणी. त्या रात्री सिनेमाऐवजी त्यांनी तो अध्याय म्हटला आणि काकूसुद्धा येऊन बसल्या होत्या. तसाही त्या सिनेमात बचावपथकातला माणूस हातातलं हेलिकॉप्टर घेऊन स्वतःच्याच बायको-मुलीला शोधत फिरतो. आमच्या बोटीवरच्या पोरांची स्वतःची घरं सांगलीवाडीत पाण्यात होती, आणि ती पोरं बोट घेऊन आमच्या जिन्याला लागली होती.

राहिला 'नोआ', २०१४ चा, रसेल क्रोचा. पाषाणाचे राक्षस वगैरे बायबलात नाहीत, त्यावर लोक चिडतात. मला ते चालतं. मला न झेपलेलं पुढे आहे. तारू बंद झालंय, आत कुटुंब बसलंय, आणि बाहेरून बुडणाऱ्यांच्या किंकाळ्या येताहेत. आत कुणी काही करत नाही. २०१९ च्या त्या रात्री आम्ही गच्चीवर होतो आणि अंधारातून, दोन गल्ल्या पलीकडून, एक माणूस सारखा ओरडत होता, "बोट पाठवा, ओ, बोट पाठवा." तास-दोन तास. पहाटे त्याला नेलं हे नंतर कळलं. उत्पत्ती ७:१६ मध्ये परमेश्वराने नोहाला आत बंद केलं, एवढंच लिहिलंय. आतल्यांना काय ऐकू आलं ते लिहिलेलं नाही. सिनेमाने ते ऐकवलं. पुढे तोच नोहा स्वतःच्या नातींना मारायला निघतो, म्हणून सोळाच्या आतल्यांना हा दाखवू नका. मोठ्यांनी मात्र बघावा.

पूर ओसरल्यावर एका घरगुती प्रार्थनेत बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने सांगितलं की हे पाणी म्हणजे सांगलीच्या पापाची शिक्षा. माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या, ज्यांनी चार दिवस आपल्या पिंपातले तांदूळ आमच्याबरोबर वाटून खाल्ले, खालचा संसार चिखलात गेलेला. त्यांनी मान खाली घातली. मी वादाला उभी राहिले नाही, ते मला आजही बोचतं. घरी येऊन लूक १३ काढला. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं काय, असं प्रभू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पश्चात्ताप करून वळायला सांगतो ते ऐकणाऱ्यांना. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन काकूंना ते मराठीत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "परत एकदा वाच." तेव्हापासून प्रलयाचा कुठलाही सिनेमा लावायच्या आधी आमच्याकडे हीच पाच वचनं वाचली जातात. पडद्यावर जे बुडतात, ते कुणापेक्षा वाईट म्हणून बुडत नाहीत, हे मुलांनी आधी ऐकलेलं असावं.

बाकी व्यवहाराचं थोडं. एक दिवा चालू ठेवा. रात्री उशिरा नको, संध्याकाळी सहाला लावा म्हणजे नंतर जेवण होतं आणि जेवताना बोलणं होतं. शेवट माहीत करून घ्या, आधी स्वतः बघा. आणि झोपायच्या आधी प्रकटीकरण २१ मधली पहिली पाच वचनं, अश्रू पुसण्यापर्यंतची. शेवटच्या काळाची गोष्ट तिथे संपते, हे माझ्या मुलांना पाठ आहे.

परवाच्या रविवारी पुन्हा 'पॉसायडन' लावला होता, मुलगी घरी आली होती म्हणून. बाहेर पाऊस. झाडावरून लोक चढायला लागले आणि वीज गेली. मुलगा आता दहावीत आहे. फोनवर पुलाची पातळी बघून म्हणाला, "तीसच्या खाली आहे अजून." सासूबाई अंधारात म्हणाल्या, "मी काही चढू शकणार नाही बाबा त्या झाडावर." तो म्हणाला, "आजी, तू झाडावर कशाला? मी घेईन की पाठीवर." मग बॅटरी घेऊन खाली गेला. काकूंची ज्वारीची पोती जमिनीवर होती, ती दोघांनी मिळून बाकावर चढवली, मग काकूंनी त्याला चहा केला, तो तिथेच बसला. वीज आली तेव्हा साडेनऊ वाजले होते. सिनेमा त्या झाडाच्या मधल्या फांदीवर थांबलाय. पुढचा येत्या रविवारी, काकू पण येणार आहेत.